काचेची पाटी

कुमुदमावशी गेल्याचा निरोप आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसलो होतो. "आई पहाटे झोपेतच गेली. काल पोटभर पुरणपोळी खाल्ली होती," असं त्यांच्या लेकीनं, वर्षानं, लिहिलं होतं. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण दुसऱ्या वाक्याला हसूही आलं... पथ्यपाण्याला मावशींनी कधी भीक घातली नव्हती. त्याला आता दीड महिना होत आला.

नागपूरला आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळून त्या लेकीकडे अमेरिकेत अल्फारेटाला आल्या. घरी नातवंडं इंग्रजीत बोलणार, बाहेर जायचं तर कुणीतरी गाडी काढायला हवी. रविवारी मात्र भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या वर्गात त्या पुन्हा बाई व्हायच्या. मुलं त्यांना आजी म्हणत, आम्ही शिक्षक मावशी. शेजारचा मोठ्या मुलांचा वर्ग माझा, त्यामुळे त्यांचा खणखणीत आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू यायचाच.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या शाळेनं सगळे फळे काढून मोठाले टचस्क्रीन लावले. आम्ही आयटीवाले खूश. मी मावशींना हौसेनं स्लाइड्स करून दिल्या, बोर्डावर लिहायचं खास पेनही दिलं. त्या लिहायला म्हणून एक बटण दाबायला जायच्या, पानं भराभर पळायची आणि मुलं खिदळायची. मग त्या बोर्डाकडे पाठ करून, खुर्चीत बसून नुसतं तोंडी शिकवू लागल्या. एकदा वर्ग सुटल्यावर मला म्हणाल्या, "निखिल, दसऱ्यापर्यंत येते बापा. मग तू दुसरं कुणी बघ." "अहो मावशी, सोप्पं आहे ते," मी म्हटलं. "तुला सोपं आहे रे. मला लिहूनच दाखवता येत नसेल, तर मी इथं येऊन करू काय? बसायला घरीही खुर्ची आहे." त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. रविवार गेला की त्यांच्या आठवड्यात काय उरेल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन असतं. मुलांनी पाट्या आणल्या, एकानं आयपॅड आणला. त्यालाही फूल वाहिलं. सगळं झाल्यावर मावशी बोर्डासमोर उभ्या राहिल्या. "हिनं छळलं मला, पण शेवटी पाटीच आहे, पूजा राहायला नको," म्हणत त्यांनी कुंकवाचं बोट काचेवर टेकवून ओढलं. बोर्डावर कोरं पान उघडंच होतं. बोटामागून जाडजूड काळी रेघ उमटली. "आजी, यू ड्रू ऑन इट!" मुलं ओरडली. मावशी दचकल्या, तळहातानं कुंकू पुसायला गेल्या, तर रेघही पुसली गेली. जरा थांबून त्यांनी पुन्हा बोट ओढलं. "अरे, हे तर बोटानं लिहितं! मग ते पेन न् बटणं कशाला मारलीस माझ्या गळ्यात?" मी हसत कान पकडले. त्या म्हणाल्या, "आमच्या शाळेत पोट्टे जमिनीवर माती पसरून बोटानंच गिरवायचे. ही काचेची, एवढंच." त्यांनी भलामोठा 'अ' काढला आणि एकेका मुलाचं बोट हातात धरून गिरवून घेतला. सगळ्यांचं होईपर्यंत वर्ग सुटलाच नाही. पालक बाहेर ताटकळत उभे, आणि मावशींना त्याचं काही नाही.

जाण्याची भाषा त्यांनी पुन्हा केली नाही. पुढे रंग बदलणं, चित्रं आणणं, सगळं त्यांना जमलं. नवीन शिक्षिका बोर्डाला बिचकली की "आधी बोट लाव, घाबरायचं ते मग घाबर," म्हणून तिला पुढे ढकलायच्या. अगदी शेवटच्या रविवारपर्यंत त्या मजेत शिकवत होत्या.

आता त्यांचा वर्ग मी घेतो. पहिल्याच दिवशी मुलं रांगेनं बोर्डाशी आली. एकेकानं काचेला बोट टेकवून ते कपाळाला लावलं. काचेवर वेड्यावाकड्या ठिपक्यांची ओळ उमटली. मी पान स्वच्छ करायला हात उचलला, तर एक मुलगी म्हणाली, "नो, काका! तो आमचा नमस्कार आहे. आजी त्याच्या खाली लिहायची." डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं... मी पेन ठेवून दिलं आणि ठिपक्यांच्या खाली बोटानं 'अ' काढला.