आईने घासलेलं नाणं

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, सिद्धगडच्या पायथ्याशी शेताचा बांध घालताना माझ्या कुदळीला चांदीचं एक नाणं लागलं. काळंकुट्ट, पण वरची अक्षरं बोटाला लागत होती. जमिनीतलं धन लपवलं की तुरुंग, एवढं मला ठाऊक होतं. मी ते तसंच पाटलाला नेऊन दाखवलं. त्याने पंचांसमोर वर्णन लिहून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी मुरबाडच्या कचेरीत आणायला सांगितलं.

आईला ते पटेना. "लक्ष्मी हाय ती. अशी मळकी सायबापुढं न्हेशील?" मी बैलांना पाण्यावर नेऊन परत येतो, तोवर तिने चिंच आणि विटेच्या भुकटीने नाणं लख्ख करून टाकलं होतं.

कचेरीत मामलेदारांनी ते उलटसुलट केलं आणि पाटलाला विचारलं, "हेच का?"

पाटील माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाय सायेब. ते काळं व्हतं. अक्षरं व्हती त्याच्यावर."

"खरं नाणं कुठे विकलंस?" साहेबांनी मला दरडावलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आईने घासलं म्हणून सांगितलं, तर दारातला शिपाईसुद्धा हसला. गरिबाचं खरंही खोटंच, असला संताप आला मला! आठवत नसेल तर कोठडीत आठवेल, असं साहेब म्हणाले.

आई मोठ्या कौतुकाने माझ्याबरोबर चालत आली होती, बाहेर पायरीवर बसली होती. तिने सगळं ऐकलं. आवारातल्या झाडाखालची चिंचेची दोन बुटकं उचलली, पायरीची सुटलेली वीट दगडाने कुटली, आणि हातातला चांदीचा गोठ उतरवून साहेबांच्या देखत घासायला बसली. तिच्या लग्नातला गोठ, वर बारीक वेलबुट्टी. काळा पडलेला तो गोठ पांढरा व्हायला लागला, तरी तिचा हात थांबेना.

साहेबांनी गोठ आणि नाणं खिडकीपाशी शेजारी शेजारी धरलं. दोन्हींवर सारखेच ओरखडे होते. वेलबुट्टी निम्मी गेली होती.

"जाऊ द्या याला," ते म्हणाले. मग आईकडे वळले. "बाई, हे मुंबईच्या संग्रहालयात गेलं असतं. अक्षरांवरून राजा कळला असता. आता नुसती चांदी उरली. घेऊन जा घरी."

सुटल्याचा आनंद राहिला बाजूला, मी वाटभर तिच्यावरच भडकलो. "कोनी सांगितलं व्हतं तुला घासायला?" ती पदराच्या गाठीतलं नाणं चाचपत चालत राहिली.

त्यानंतर दिवाळीला ती घरातली सगळी भांडी घासायची, नाण्याला मात्र पाणीही लावायची नाही. देवापुढून उचलून तेवढं निरखायची.

चारपाच वर्षांनी एकदा तिने ते माझ्या हातावर ठेवलं. पुन्हा काळं पडलं होतं. "बघ रे, झालं ना पयल्यासारखं? आता न्हे सायबाकडं."

मी त्यावरून अंगठा फिरवला. बोटाला काहीच लागलं नाही.

"झालं गो आये," मी म्हटलं. "न्हेतो."