ओळंब्यातली वीतभर जागा

नोमान होडेकरला दुबईत सत्तावीस वर्षं झाली, तेव्हा त्याला वाकडं काम शिकावं लागलं.

तोवर त्याने सरळच काम केलं होतं. बाप रत्नागिरीकडे खाडीकाठी चिऱ्याच्या भिंती बांधायचा. नोमानने बापाच्या हाताखाली पहिली दोन वर्षं नुसता माल कालवला. तिसऱ्या वर्षी थापी हातात मिळाली. बाप फार बोलत नसे. भिंतीशी सुताला टांगलेला ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा, आणि एक तर "पाड" म्हणायचा, नाही तर काहीच म्हणायचा नाही. काही न म्हणणं म्हणजे शाबासकी. नोमानच्या वाट्याला ती नऊ वर्षांत दहा-बारा वेळा आली असेल.

बाप गेला, पितळी ओळंबा नोमानकडे आला. तो घेऊन तो दुबईला गेला.

तिथे प्लास्टर. हॉटेलांच्या लॉब्या, बँकांचे जिने, कुणाकुणाच्या बंगल्यांच्या बैठका. भिंत अशी की दिवा आडवा धरला तरी सावली पडू नये. काम संपलं की कंपनी मालकाला चावी देणार, आणि दुसऱ्या दिवसापासून दारावरचा माणूस नोमानला आत सोडणार नाही. सत्तावीस वर्षांत स्वतःचं एकही काम त्याने पुन्हा पाहिलेलं नव्हतं.

गावी याची वेगळीच पंचाईत होती. सुटीवर आलेला प्रत्येक जण सांगायचा, तो उंच मनोरा आहे ना, तो आमचा. वरचे मजले मी केले. रंगारी, हमाल, खाणावळीत भांडी घासणारा, सगळ्यांनी तोच मनोरा बांधलेला. विहिरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नोमानची बायको रशीदा त्यात पुढे.

"एवढ्यांचे हात लागले त्याला," ती म्हणायची, "तरी उभा कसा रायला, अल्ला जाणे."

नोमानने मनोऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. तो तिथे कामाला नव्हताच. तो सांगायचा ते खरं सांगायचा: अमुक हॉटेल, तमुक जिना. रशीदा त्यावरही तसंच हसायची. "बरं, बरं," म्हणायची आणि भाताकडे वळायची. एकदा तिने बघावं, एवढंच त्याला हवं होतं. सांगून नव्हे. डोळ्यांनी.

मग डोंगराचं काम आलं.

अल ऐनच्या वाटेवर एक बगीचा होणार होता. मोठ्या घुमटाखाली जंगल, जंगलात पक्षी आणि प्राणी, एका कडेला बेटावरची झोपड्यांची वाडी, आणि मधोमध ज्वालामुखी. चार मजल्यांएवढा. वरून धूर, खाली तळं. कंपनीने प्लास्टरवाल्यांतून बारा जण निवडले. आधी कंपनीच्या अल क्वोजच्या शेडमध्ये नमुने करायचे, पास झाले तर साइटवर.

पद्धत साधी, मेहनत फार. सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर पंपाने सिमेंट मारायचं. ते ओलं आहे तोवर हाताने खडक करायचा. घुमटात एसी चालू व्हायच्या आधी उकाडा असा, की पाण्यात बर्फ घालूनही चाळीस मिनिटांत माल आवळून घट्ट व्हायचा. चाळीस मिनिटांत खडक झाला तर झाला. नाही तर फोडा.

फोरमन शाहबाज पेशावरचा, दाढी लाल, नजर बारीक. पहिल्या दिवशी त्याने नोमानच्या नमुन्याकडे बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"नोमानभाई, ये पहाड है के बाथरूम?"

सगळे हसले. नोमानने पाहिलं. खरंच, हाताने आपोआप खडकाची बाजू सरळ काढली होती. त्याने फोडलं. दुसरा केला. तोही कुठे तरी सरळ निघाला. हात ऐकेना. चौथ्या दिवशी शाहबाजने त्याच्या पेटीतला ओळंबा काढून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

"जब तक टेढा नहीं आता, ये मेरे पास. आणि सीधा दिखा तो तोड देगा. खलास."

कोकणातल्या माणसांबरोबर काम करून थोडं थोडं मराठी त्याच्याही तोंडात गेलं होतं.

लोकांना वाटतं वाकडं काम सोपं. सरळ भिंतीला एकच चूक असते, ओळंब्याबाहेर जाणं. वाकड्याला हजार. एकसारखं वाकडं झालं की ते कापडाच्या चुण्यांसारखं दिसतं. फोटोत बघून केलं की फोटोसारखं दिसतं. नोमानने फोटो बाजूला ठेवला आणि गावचा सडा आठवला. घरामागचा काळा कातळ, पावसाळ्यात पाणी कुठून जातं, भेग कुठे सुरू होऊन कुठे हरवते, अनवाणी पायाला कुठे टोचतं. केरळच्या माणसाच्या दुकानातून नारळाची सोडणं आणली आणि ओल्या सिमेंटवरून ओढली. कातळाला जशी बारीक भोकं असतात तशी उठली. सिमेंटच्या गोणीचा कागद चुरगळून दाबला. तीन आठवड्यांनी शाहबाज नमुन्यासमोर उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. संध्याकाळी ओळंबा परत दिला.

साइटवर चौदा महिने गेले. विवरापासून तळ्यापर्यंतची दर्शनी बाजू नोमानची. मागची आणि डावीकडची इतरांची, आणि ती त्याने कधी आपली म्हटली नाही. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई रोज यायच्या. इथे सरडे बसणार, नखांना पकड हवी पण पोट कापता कामा नये. नोमान तेवढ्या भागावर उघडा हात फिरवून बघायचा. खरचटलं की घासायचा, घसरलं की पुन्हा ओरखडायचा. त्या दोन हात जागेला नऊ दिवस लागले.

तेव्हाच त्याच्या डोक्यात आलं. हे हॉटेल नव्हे. इथे तिकीट काढलं की कुणालाही आत जाता येतं. रशीदालाही.

त्याची साठ वर्षं पूर्ण होत होती. कंपनीने सांगितलं होतं, हे काम संपलं की व्हिसा संपला. मुलगी यम्ना दुबईतच अल कुसैसला राहायची, जावई अहमद क्लिअरिंगच्या ऑफिसात. सासूला व्हिजिटवर बोलवायचं ते दोघं दोन वर्षं म्हणत होते. नोमान म्हणाला, आता बोलवा.

पण नुसतं दाखवून भागणार नव्हतं. "बरं, बरं" त्याच्या कानात होतं. काही तरी पुरावा हवा. म्हणून रंगकाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, शाहबाज दुसऱ्या टोकाला असताना, नोमानने धबधब्याच्या बाजूला, पायऱ्यांच्या वळणावर एक पट्टी ओढली. वीतभर रुंद, दोन पुरुष उंच. अगदी ओळंब्यात. सूत सोडलं तर वरपासून खालपर्यंत केसाएवढाही उजेड दिसणार नाही अशी. असा खडक जगात नसतो. रशीदा गवंड्याची बायको आहे. सूत लावून दाखवलं की बोलायची गरजच पडणार नाही.

रशीदा आली. एका शुक्रवारी अहमदने तिला, नोमानला आणि आठ वर्षांच्या नातीला, हुमेराला, गाडीने दारात सोडलं. "मी तीनला येतो मामा, पार्किंगचा लफडा आहे," म्हणून गेला.

रशीदाने तिकिटाचा आकडा ऐकला. "एकशेवीस? म्हंजे अडीच हजारांवर रुपये? एका माणसाला? डोंगर बघायला?"

"चल तू," नोमान म्हणाला. वाटेत तिने गाडीतून अल ऐनचा खरा डोंगर पाहिला होता, मोठा, तपकिरी. आणखी एक कशाला, असं तिचं म्हणणं.

दारावरच्या यंत्रातून नोमानची पिशवी गेली आणि थांबली. गार्ड नेपाळी होता. त्याने ओळंबा उचलला. टोक बोटाला लावून बघितलं.

"ये क्या है चाचा?"

"दीवार सीधी है के नहीं, देखने का."

"अंदर कौनसा दीवार? अंदर तो जंगल है." तो वाईट माणूस नव्हता. त्याने ओळंबा ट्रेमध्ये ठेवला आणि प्लास्टिकचा बिल्ला दिला. "जाते टाइम ले लेना."

नोमान वाद घालणारा नव्हता. बिल्ला खिशात टाकला.

आत दमट गारवा. लाल-पिवळे पोपट, झाडाला उलटं लटकलेलं एक आळशी जनावर. त्याने पंधरा मिनिटांत एक हात हलवला.

"याला पगार किती?" रशीदाने विचारलं. हुमेरा खिदळली. "नानी, इट्स अ स्लॉथ!"

बेटावरच्या वाडीत फुलांच्या माळा घातलेल्या पोरी नाचत होत्या. रशीदा नाच बघेना. ती छपराकडे बघत होती. पुढे जाऊन तिने झावळीचा कोपरा चिमटीत धरला.

"प्लॅष्टिक," ती म्हणाली. "आणि विणलेत उलटे. पहिल्याच पावसात चूल विझेल. कुणी केले हे झाप?"

नोमानला बरं वाटलं. तिची नजर शाबूत होती. तिने वाडीतली केळ खोटी ठरवली, मडकी खोटी ठरवली, एका पोरीची वेणीसुद्धा. काही सुटलं नाही तिच्या हातून. आता डोंगर.

वळण आलं आणि ज्वालामुखी समोर उभा राहिला. रशीदा थांबली. नोमान तिच्या तोंडाकडे बघत होता. मग कठड्यावरून वाकून तिने खडकावर तळवा ठेवला. तीच जागा, नऊ दिवसांची. हातभर अंतरावर एक मोठा हिरवा सरडा नखं रोवून पडला होता.

"आपल्या सड्यासारखा आहे ना?" ती हळू म्हणाली. "हुबेहूब."

नोमानला तिथेच सांगावंसं वाटलं. पण पट्टीपाशी बोलायचं ठरलं होतं, आणि ठरल्याप्रमाणे काम करायची त्याला सवय.

हुमेरा पाटी वाचत होती. "नानी, इट सेज, बॉर्न ऑफ फायर. म्हणजे आग से पैदा हुआ. मिलियन्स ऑफ इयर्स अगो."

"सुब्हानल्ला," रशीदा म्हणाली. "म्हंजे हा मुळातच हितं होता. त्यांनी वरून छप्पर घातलं. बाहेरच्या डोंगराचाच तुकडा. धूर तेवढा खोटा, बघ, नळातून येतो. पण डोंगर अल्लाचा."

पायऱ्या चढायला लागले. नोमान पुढे. धबधब्याशी वळण आलं. पट्टी होती. रंग नीट बसला होता, एक शेवाळाचा डाग सोडला तर जशी केली तशी. त्याने नुसत्या डोळ्याने पाहिलं. ओळंब्यात.

तो वळला आणि तोंड उघडणार, तोच रशीदाने बोट केलं.

"हे काय केलंय?"

"काय?"

"हे. ही पट्टी. अख्खा डोंगर एवढा सुंदर, आणि हितंच कुणी तरी हात घातलाय. फुटला असेल, मग सिमेंट लावून लिंपलं. दिसतं लगेच. माणसाचं काम." तिने मान हलवली. "वाट लावली."

पाण्याचा आवाज मोठा होता. नोमानने पट्टीकडे पुन्हा पाहिलं, बापासारखा एक डोळा मिटून. ती बरोबर बोलत होती. त्या डोंगरावर चूक म्हणावी अशी तीच एक जागा होती.

"ती मी केली," तो म्हणाला.

रशीदाने त्याच्याकडे बघितलं. हसली नाही. या वेळी तिने खरं मानलं. लगेच मानलं. सत्तावीस वर्षं नवरा सिमेंटच लावत होता, आणि ते इथे समोर दिसत होतं.

"या अल्ला," ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीला हात लावला. "मी उगाच बोलले. तशी काय वाईट नाय. सरळ आहे की. कोण बघतंय एवढं."

"बाकीची बाजूही मीच केली. वर तोंडापासून खाली तळ्यापर्यंत. खडक नाही तो, सिमेंट आहे. चौदा महिने."

आता ती हसली. विहिरीवरचं हसू, फक्त पदर नव्हता, ओढणी होती.

"बरं, बरं. आणि तो सरडा?"

"नाना, यू आर सो फनी," हुमेरा म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली. तिला आइस्क्रीम हवं होतं.

नोमानचा हात खिशात गेला. बिल्ला लागला. ओळंबा असता तरी काय झालं असतं? सूत सोडलं असतं. पट्टी सरळ आहे हे सिद्ध झालं असतं. ते ती आधीच म्हणाली होती. बाकीच्या डोंगराला लावायला त्याच्याकडे काही नव्हतं. कुठेही त्याचा हात दिसू नये, यासाठीच तर चौदा महिने मेहनत होती.

खाली उतरताना रशीदाने पुन्हा एकदा खडकाला हात लावला आणि तोच हात छातीला. नोमानला तिने पाण्याची बाटली दिली, दमलात म्हणाली.

तीनला ते दारात आले. नोमानने बिल्ला दिला. गार्डने ट्रेमधून ओळंबा काढला, सूत नीट गुंडाळून हातात ठेवला.

"मिला क्या चाचा, दीवार?"

"मिला."

"सीधा था?"

"हां," नोमान म्हणाला. "सीधा था."