हलक्या धानाच्या पोरी, भारी धानाच्या पोरी

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचे दहापैकी पाच सामने झाले होते आणि त्यांतला एकच आम्ही जिंकलो होतो. आम्ही म्हणते खरी, पण मी खेळत नव्हते. मी कोर्टाच्या कडेला तीन सिमेंटच्या पायऱ्या आहेत, त्यांतल्या मधल्या पायरीवर बसायचे. बहुतेक वेळा तिथे मी एकटीच असायचे.

मी तिथे पहिल्यांदा बसले ते खेळासाठी नाही. आमच्या गावाहून, शहापूरहून, भंडाऱ्याला यायला जी एसटी मिळायची, ती मला पहिल्या तासाच्या पाऊण तास आधी पोचवायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे रिकाम्या वेळात कॉलेजात कुठे बसायचं असतं हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. लायब्ररीत आत जायला भीती वाटायची. कॅन्टीनमध्ये काही न घेता बसता येत नाही असं मला वाटायचं. पायऱ्यांवर सकाळी सावली असायची आणि समोर पोरी सराव करत असायच्या. पाहता पाहता मला फाउल कळायला लागले, मग तीन सेकंदांचा नियम, मग कोण कोणाला पास देत नाही तेही.

यंदा आमच्या भागातल्या सहा कॉलेजांची लीग ठेवली होती. प्रत्येक टीमशी दोनदा खेळायचं. जूनच्या शेवटी खेळाच्या सरांनी बारा नावांची यादी पाठवायची होती आणि त्यांच्याकडे नऊच पोरी होत्या. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, रोज येऊन बसतेसच, तुझं नाव टाकतो, खेळायची गरज नाही, जागा भरायच्या आहेत. मी नाही म्हटलं. मला धड ड्रिबल करता येत नव्हतं. न येणाऱ्या गोष्टीच्या यादीत आपलं नाव लिहायचं हे मला खोटं वाटलं. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तीन जागा तशाच रिकाम्या ठेवून यादी पाठवली. त्यानंतर वर्षभर यादीत नाव घालता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

टीम वाईट नव्हती. हे मी पाहणारी म्हणून सांगते. आमची सेंटर अड्याळच्या पुढच्या एका गावची, शेवटच्या वर्षाची, आणि एवढी उंच की वर्गाच्या दारातून जाताना सवयीने मान झुकवायची. गार्ड होती ती शाळेत कबड्डी खेळलेली. पहिल्या सामन्यात तिने समोरच्या पोरीच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून तिला खाली बसवलं, आणि पंचांनी शिट्टी वाजवल्यावर गुण मिळाला म्हणून हात वर केला. तो सामना आम्ही हरलो, पण परतताना बसमध्ये सगळ्या तिला "पकड, पकड" म्हणून चिडवत होत्या. दुसरा जिंकलो. तिसरा हरलो. पहिल्या अर्ध्यात आमची टीम पुढे असायची आणि तिसऱ्या क्वार्टरला तिचे पाय जायचे, कारण बदलीला बसलेल्या पोरी हळूहळू कमी होत चालल्या होत्या.

लोक विचारायचे, तुमच्या टीमचं नेमकं काय चुकतंय. डिफेन्स, असं सर म्हणायचे. मला वाटायचं, धान. नऊपैकी सात पोरी शेतकऱ्यांच्या घरच्या. तिघींच्या घरी हलका धान होता, जो दिवाळीच्या आसपास कापायला येतो. चौघींच्या घरी भारी धान, तो पुढे तीनचार आठवड्यांनी. म्हणजे हलक्या धानाच्या पोरी घरी गेल्या की भारी धानाच्या खेळणार, आणि त्या परत येईपर्यंत भारी धानाच्या निघणार. सगळी टीम एका दिवशी एका कोर्टावर दिसेल अशी लीगमध्ये एकही तारीख नव्हती. उरलेल्या दोघी भंडाऱ्यातल्याच होत्या. एकीचे वडील कंडक्टर, दुसरीचं बाजारात पितळी भांड्यांचं दुकान. पण दुकानवालीला दिवाळीआधी घरचे सोडत नव्हते.

हे मी एका कागदावर मांडून सरांना दाखवलं होतं. त्यांनी तो नीट वाचला. म्हणाले, "बाई, तू कोच हो. मी धान कापाले जातो." मग कागद खिशात ठेवला.

चौथा सामना आम्ही खेळलोच नाही. त्या दिवशी हलक्या धानाच्या तिघी गावी, दुकानवाली दुकानात, आणि एकीला ताप. चौघीच उरल्या. सामना सुरू करायला पाच लागतात. समोरची टीम खेळाच्या पूर्ण कपड्यांत कोर्टावर उभी होती. पंचांनी पंधरा मिनिटं घड्याळाकडे पाहिलं, मग कागदावर वॉकओव्हर लिहिला आणि सरांची सही घेतली. मी पायरीवरून उतरून यादीच्या टेबलाजवळ गेले होते. का गेले ते माहीत नाही. पंचांनी विचारलं, तू खेळाडू आहेस का. मी नाही म्हटलं. पाहुण्या पोरींनी आमच्याच रिंगवर थोडा वेळ सराव केला, मग सावलीत बसून डबे खाल्ले. एकीने मला लोणचं दिलं. मी घेतलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. पाचवा सामना आम्ही दोन गुणांनी हरलो, शेवटचा बॉल रिंगवर गोल फिरून बाहेर पडला, तेव्हाही नाही. बास्केट झालं की मी टाळ्या वाजवायचे, कारण कोणीतरी वाजवायला हव्यात. तळहात लाल व्हायचे आणि मी ते पाहायचे, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. घरी आई विचारायची, आज काय शिकवलं, तर मी जे शिकवलं ते सांगायचे.

दुसरा वॉकओव्हर झाला की टीमचं नाव लीगमधून कटतं. सहावा सामना शनिवारी होता. भारी धानाच्या चौघींपैकी तिघी आधीच गेल्या होत्या, सेंटर तेवढी उरली होती. हलक्या धानाच्या दोघी परतल्या होत्या. त्या दोघी, भंडाऱ्याच्या दोघी आणि सेंटर. बरोबर पाच.

गुरुवारी दुपारी सेंटर पायऱ्यांवर माझ्या शेजारी येऊन बसली. ती कधी बसत नसे. तिच्या बाबांचा फोन आला होता. आभाळ भरून आलं होतं, दोन दिवसांत पाणी येईल म्हणत होते, आणि कापणीला माणूस मिळत नव्हता, कारण ज्याचा त्याचा धान एकाच वेळी उभा. त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाचे तुकडे, लहान आणि खाली अजून ओल, त्यामुळे हार्वेस्टर आत जात नव्हता. घरात आई, बाबा आणि ती. शनिवारी एक माणूस कमी पडला तर चालणार नव्हतं. हे सगळं तिने खाली पाहत सांगितलं. तिचं शेवटचं वर्ष होतं, ते तिने सांगितलं नाही.

मी म्हटलं, "माणूसच पाहिजे ना. मी जाते."

तिने माझे हात पाहिले. "तुले येते का?"

येत होतं. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात कापणी करतच मला वाढवत आली. दहावीपर्यंत मी सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जायचे. तिच्याइतकं भराभर नाही, पण येत होतं.

आईला सांगणं जास्त कठीण गेलं. ती भाकर थापत होती, थापायची थांबली नाही. म्हणाली, "अकरावीपासून तुले विळ्याले हात लावू देला नाई मी. काहून नाई देला? दुसऱ्याची पोरगी बॉल खेळन, अन् माही पोरगी तिच्या बांधीत धान कापन. असं शिकवून राहिले का कॉलेजात?"

मी म्हटलं, एकच दिवस. मी म्हटलं, सर यादीत माझं नाव घालणार होते आणि मी नाही म्हटलं होतं. आईला यादीचं काही कळलं नाही. मला जे सांगायचं होतं ते मलाही नीट सांगता आलं नाही. शनिवारी पहाटे मी उठले तेव्हा तिचा विळा पिशवीत घालून दाराशी ठेवलेला होता. ती झोपल्यासारखी पडून होती.

पहिल्या बसने भंडारा, तिथून अड्याळ, पुढे एका ओळखीच्या माणसाच्या गाडीवर मागे बसून गाव. सेंटरच्या आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बांधीचा एक कोपरा दाखवला. मी कापायला लागले. पहिला अर्धा तास पाठीला काही जाणवलं नाही, मग सगळं जाणवलं. कापलेल्या धानाचा कडपा मी जमिनीवर टाकत होते, तो वाकडा पडत होता. तिच्या आईने येऊन न बोलता सरळ केला. नंतरचे मी तिचे पाहून टाकले.

सामना अकराला होता. मला वाटलं होतं, अकरा वाजले की मनात सामना सुरू होईल, कोण कुठे उभी आहे ते दिसेल. तसं झालं नाही. एकदा मान वर केली तर सूर्य ढगाआडून इतका वर आला होता की अकरा केव्हाच होऊन गेले असणार. मी पुन्हा वाकले.

जेवायला बांधावर बसलो तेव्हा तिच्या बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "तू बी खेळते का?"

"नाही. मी पाहते."

"नुसती पाहते?"

"हो."

त्यांनी घास चावून संपवला. "अन् आमची पोरगी काय करते तेच्यात?"

मी सांगितलं, ती सगळ्यांत उंच आहे, म्हणून रिंगखाली उभी राहते. कोणाचा बॉल चुकून परत आला की तो पकडायचं काम तिचं.

"म्हंजे बाकीच्यायचं चुकलेलं ही झेलते."

"घरी बी तेच काम आहे तिचं," तिची आई म्हणाली, आणि नवऱ्याकडे पाहून हसली. ते हसले नाहीत, पण त्यांनी भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

मग मी बोलत राहिले. कोणी विचारलं नव्हतं तरी. तिसऱ्या क्वार्टरला काय होतं ते सांगितलं. पाच फाउल झाले की बाहेर बसावं लागतं, पण ती चार झाल्यावरही घाबरत नाही, हात मागे घेऊन नुसती उभी राहते आणि समोरची तिला पाहूनच बॉल चुकवते, तेही सांगितलं. दुसऱ्या सामन्यात तिने शेवटच्या मिनिटाला लागोपाठ तीनदा बॉल परत मिळवला होता. तो सामना आपण तिच्यामुळे जिंकलो, असं मी म्हटलं. ते दोघं ऐकत होते. तिचा एकही सामना त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांना ते सांगणारंही कोणी भेटलेलं नव्हतं, हे मला बोलता बोलता कळलं.

दीडच्या सुमारास बाबांचा फोन वाजला. तिचा होता. त्यांनी "हं, हं" म्हटलं आणि काय विचारायचं ते न सुचून फोन माझ्या हातात दिला.

"किती?" मी विचारलं.

"नऊनं हरलो." मागून पोरींचा आवाज येत होता, कोणीतरी पाणी मागत होतं. "पन चारही क्वार्टर पाच जणी होतो. कोणीच बाहेर नाई गेली."

"तुझे फाउल?"

"चार." मग ती म्हणाली, "पायरीवर कोणीच नव्हतं आज. कसंतरीच वाटे."

मी फोन परत दिला. हरलो, मी त्यांना सांगितलं. पण नाव कटलं नाही. तिच्या बाबांनी मान हलवली, जणू अर्धा धान भिजला आणि अर्धा वाचला असं कोणी सांगितलं असावं. उठून त्यांनी विळा घेतला.

आम्ही संध्याकाळपर्यंत कापलं. पाणी आलं नाही. निघताना दोन बांध्या उभ्याच होत्या. बाबा त्यांच्याकडे पाहत होते.

"आता कधी आहे तुमचं?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी. भंडाऱ्यालाच."

हलक्या धानाची तिसरी मुलगी तोवर मळणी आटोपून येणार होती, पण आलेल्या दोघींपैकी एकीला सोमवारपासून मामाच्या शेतावर जायचं होतं. म्हणजे पुन्हा पाचच, सेंटर धरून. हे मी त्यांना बोटांवर मोजून दाखवलं.

"मंग गुरुवारी तूच ये तिच्या जागेवर," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुहा."

मी हो म्हणणार होते. हो म्हणायची मला सवय आहे, मोठ्या माणसांना तर बहुतेक वेळा. पण मी म्हटलं, "नाही. मले ते मॅच पाह्याची आहे."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. तिची आई भारे बांधता बांधता थांबली. मी बांधाकडे पाहत राहिले. पाचवा सामना, तो रिंगवरून फिरून बाहेर पडलेला बॉल, ते सगळं आत्ता, दोन आठवडे उशिरा, लागत होतं.

बाबांनी उभ्या बांध्यांकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "बुधवारी येशीन?"

बुधवारी माझं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं, आणि आईला पुन्हा सांगावं लागणार होतं.

"येते," मी म्हटलं.

"मंग गुरुवारी दोघी जा," ते म्हणाले आणि गाडीवाल्याला हाक मारायला रस्त्याकडे वळले.