दादाचं कालवण

प्राचीचा मुंबईहून फोन आला तेव्हा मी अंगणात बोंबील वाळत घालत होते. "आत्या, बाबा धक्क्यावर नुसते उभे आहेत. मासा लागलाय तरी गळ ओढत नाहीयेत. तू जरा जाऊन बघतेस?" मी म्हटलं, अगं, गुडघे गेल्यापासून तुझा बाप धक्क्याकडे फिरकलाय कुठे? मग डोक्यात प्रकाश पडला... ती कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या धक्क्याबद्दल बोलत होती. हातातले बोंबील तसेच टाकून मी दोन घरं पलीकडे धावले. दादा खुर्चीत मान कलती करून बसला होता, झोपल्यासारखा. समोर पडद्यावर त्याचा कोळी गळ टाकून उभा होता.

या गोष्टीला काही आठवडे झाले. माझा भाऊ थळचा तांडेल, जन्मभर स्वतःची होडी हाकत आलेला. डॉक्टरांनी दर्या बंद केला, तसा तो दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसायला लागला. आईवेगळी वाढलेली त्याची एकुलती एक लेक प्राची नोकरीला मुंबईत. एका सुट्टीत तिने लॅपटॉप आणला आणि बापाला जादूगार-राक्षसांच्या एका खेळात घातलं. जगभरातली माणसं त्यात एकाच वेळी खेळतात म्हणे. खेळाने आल्या आल्या हातात तलवार दिली. दादा भडकला. "मना तलवार कनाला? राक्षस मारून काय त्येचं कालवन व्हनार हाय? मना गरी दे!"

आणि खरंच, तिथे मासे धरायची गरी होती. त्या खेळात लढाई सोडून चिकार उद्योग होते. मासेमारी, बागकाम, रांधणं, घर सजवणं... दादाने पाण्याकाठी झोपडी बांधली, आमच्या घरासारखी निळी रंगवली, दारात वांगी लावली, तुळस मिळेना म्हणून तशाच दिसणाऱ्या कसल्याशा झाडाची कुंडी ठेवली. लहान मासा लागला की परत पाण्यात सोडायचा. तलवार शेवटपर्यंत खुंटीला. आपल्याकडे होडी लागली की किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोणालाही रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, कालवणापुरती मासळी हातावर ठेवतात. दादाने तिथेही तेच सुरू केलं. कोणी नवखा दिसला की त्याच्यापुढे मासा ठेवायचा आणि दोन बोटांनी इंग्रजी अक्षरं शोधत लिहायचा, 'कालवण'. त्या बिचाऱ्या परदेशी पोरांना वाटलं, हा रामराम असणार! तीही एकमेकांना भेटली की 'कालवण' म्हणायला लागली. प्राचीने हे सांगितल्यावर दादा ठसका लागेपर्यंत हसला. चूक सुधारायला मात्र तयार नाही. "ऱ्हाऊ दे गो, चांगलाच शब्द हाय."

मी चिडवायचे, "दादा, जन्मभर खरे मासे धरलेस आणि आता खोटे धरतोस होय?" तो म्हणायचा, "मासा खोटा हाय बाय, पन घेनारा त खरा हाय ना!" फोनवर बापलेकीचं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे कधी सरकलं नाही. पण ऑफिस सुटल्यावर प्राची त्या झोपडीत यायची, तिथल्या चुलीवर काहीबाही रांधायची, आणि दादा तिला तिच्या आईच्या गोष्टी लिहून सांगायचा. तोंडाने कधी सांगितल्या नव्हत्या त्या. माझा हा भाऊ इतका बोलका होता हे मला त्या पडद्यामुळे कळलं, आणि त्याचा मला थोडा हेवाही वाटला.

दादा गेल्यावर प्राचीने तो खेळ उघडला नाही. मग परवा तिचा फोन. मालक बरेच दिवस फिरकला नाही, तर खेळवाले झोपडी पाडून जागा दुसऱ्याला देतात. तशी सूचना आली होती. "आत्या, माझ्याच्याने तिथे जाववत नाही... पाडू दे का?" मला हो म्हणवेना. म्हटलं, कसं उघडायचं ते सांग.

दादाचा कोळी अजून धक्क्यावरच उभा होता. मला त्याला चालवता येईना. दोनदा पाण्यात पाडला, तांडेल असून! कसाबसा झोपडीच्या दारात आणून उभा केला. तेवढ्यात हिरव्या टोपीतला कोणी एक पळत आला, थबकला. दादा इतके दिवस कुठे होता, असं त्याला वाटलं असेल. त्याने पुढे मासा ठेवला आणि लिहिलं, 'कालवण'.

मी तिथेच, दादाच्या खुर्चीत, पदर तोंडाला लावून रडले. मग प्राचीला फोन केला. "कोणीतरी मासा देऊन गेलाय गं. तिथली चूल कशी पेटवायची, मला नाही येत."

तिने फोन ठेवला. मी पडद्याकडे बघत बसले... आणि निळ्या झोपडीच्या दारात प्राची येऊन उभी राहिली. तिने मासा उचलला, आत जाऊन चूल पेटवली, आणि मग पडद्यावर अक्षरं उमटली,

'आत्या, जेवलीस का?'