एफीमावशीचा नियम

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या, खेकडे साफ करून भरण्याच्या कारखान्यात नव्या बायकांना काम शिकवायला एफी स्नूक असायची. तिचा नियम एकच. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, मगच खेकड्याला हात लावायचा. कुणी नुसती मान हलवली, की ती म्हणायची, "मान तर धक्क्यावरचे पक्षीही हलवतात, बाई!"

ग्लेंडा तिच्याच हाताखाली शिकली होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी, चहाच्या सुट्टीत, एफी तिला म्हणाली, "पोरी, माझं दुखणं पसरलंय. हंगाम संपेपर्यंत मी टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. उद्यापासून नव्या बायकांना तू शिकवायचंस."

ग्लेंडाने मान हलवली.

"मान नको. परत सांग."

"मावशी, आज नको ना."

"मग तुला कळलं, हे मला कसं कळणार?"

"उद्यापासून नव्या बायकांना मी शिकवायचं."

"अर्धंच सांगितलंस."

भोंगा वाजला. बायका हातमोजे चढवत आत गेल्या. ग्लेंडा दारापर्यंत गेली आणि माघारी आली.

"हंगाम संपेल तेव्हा तू नसशील," ती म्हणाली.

"बरोबर."

एफी एप्रनची गाठ सोडू लागली. ती तिला सुटेना. शेवटी ग्लेंडाने सोडली.