बोरकर साहेबांच्या खासगी लॅपटॉपची सरकारी फाइल

फाइलवर विषय लिहिला होता, "निजी उपयोग हेतु लैपटॉप क्रय करने बाबत." मी तो दोनदा वाचला आणि मान वर केली.

"साहेब, निजी म्हणजे?"

"निजी म्हणजे माह्या घरचं," बोरकर साहेब म्हणाले. "पैसे माहे, लॅपटॉप माहा."

"मग फाइल काहून?" त्यांच्याशी बोलताना कधीकधी मीही त्यांच्यासारखीच बोलून जाते.

"फाइल नसली तर निर्णय कसा होईन?"

मी वर्षा ढोबळे. नव्या रायपुरात नकाशे बनवणारी एक सरकारी संस्था आहे, तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते. बोरकर साहेब आमचे जॉइंट डायरेक्टर. मूळचे विदर्भातल्या तुमसरचे, घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात, आणि रिटायर व्हायला तीन महिने उरलेले. आयुष्यात कागद फिरल्याशिवाय त्यांनी एकही गोष्ट केलेली नव्हती. मुलीच्या लग्नाचीसुद्धा फाइल होती असं ऑफिसात बोलतात. मी ती पाहिलेली नाही, पण माझा विश्वास आहे.

फाइलमध्ये नोटशीट असते, ती काय ते आधी सांगते. खालचा माणूस त्यावर मत लिहितो, वरचा त्याच्याखाली लिहितो, आणि असं करत कागद वर चढतो. लिहिलेलं पान काढता येत नाही. चूक झाली तर पुढच्या पानावर चूक झाली असं लिहायचं. साहेबांनी पहिल्या पानावर तीन जणांची समिती नेमली होती. अध्यक्ष स्वतः. वित्त सदस्य त्यांच्या पत्नी, शालिनीकाकू. तांत्रिक सदस्य मी. माझ्या नावापुढे हिरव्या शाईत आदेश होता, "परीक्षण कर अभिमत दें." म्हणजे तपासून मत द्या.

हसू येत होतं, पण कारण हसण्यासारखं नव्हतं. रायपूर हे तळ्यांचं गाव. त्यातली कितीतरी बुजली आणि त्यांच्यावर घरं उभी राहिली. कुठे कोणतं तळं होतं, पाणी कुठून येत होतं, बंधारा कुठे होता, हे साहेब सहा वर्षं दर रविवारी म्हाताऱ्या लोकांना विचारत होते आणि नकाशावर उतरवत होते. ते काम संस्थेचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. सुटीच्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून करायचे. रिटायर झाले की तो कॉम्प्युटर सुटणार आणि नकाशा अर्धाच राहणार. ज्यांना विचारायचं ते लोकही काही रोज तरुण होत नव्हते.

त्यांना हवा होता तो लॅपटॉप महिन्यापूर्वीच बाजारात आला होता. पापडासारखा पातळ. आत पंखा नाही. जाहिरातीत एक माणूस तो घेऊन डोंगराच्या टोकावर बसलेला. किंमत अशी, की नाकापेक्षा मोती जड.

आता माझी कीर्ती सांगायला हवी. ऑफिसात मला माझ्या पाठीमागे 'थांबा मॅडम' म्हणतात. कोणीही विचारलं, हा फोन घेऊ का, तो लॅपटॉप घेऊ का, की मी म्हणते, थांबा. नवीन मॉडेलमधल्या चुका पहिले सहा महिने ग्राहकच शोधून देतात. त्यानंतर घ्यावं, तर त्याहून नवीन येणारच असतं. साहेबांनी नऊ वर्षांत मला चार वेळा विचारलं होतं आणि चारही वेळा ते आज्ञाधारकपणे थांबले होते. त्यांच्या घरचा लॅपटॉप आता सुरू केला की घरघंटीसारखा आवाज करायचा.

आमच्या ऑफिसला माल पुरवणाऱ्या डीलरकडे मी गेले. त्याने दोन दिवसांसाठी डेमो पीस दिला.

"हव मैडम, ले जाइए. बस प्लास्टिक मत निकालिएगा."

मी मशीन घरी आणलं आणि कामाला लागले. आधी बेंचमार्क. म्हणजे पहिलवानाची परीक्षा घ्यावी तशी मशीनची परीक्षा: किती वजन उचलतो आणि किती वेळ धरून ठेवतो. पहिली दहा मिनिटं गडी जोरात होता. मग तापला आणि ढिला पडला. याला थ्रॉटलिंग म्हणतात. गरम झालं की मशीन आपणहून वेग कमी करतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमचं सगळं ऑफिस तेच करतं, पण ऑफिसला कोणी प्रीमियम म्हणत नाही.

मग रॅम पाहिली. रॅम म्हणजे काम करताना मशीनला लागणारी तात्पुरती आठवण. ती बोर्डावर कायमची चिकटवलेली, म्हणजे उद्या वाढवायची सोय नाही. पोर्ट दोनच आणि दोन्ही बारीक. साहेबांचे पेन ड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यासारखे एका रिंगमध्ये असतात, त्यातला एकही थेट लागणार नाही. हे सगळं मी तक्ते काढून लिहिलं. सहा पानं झाली. स्क्रीनबद्दल एक ओळ लिहिली: चांगली आहे. शेवटी अभिमत: सध्या घेऊ नये, थांबावे.

खरं सांगते, रिपोर्ट वाचून मी स्वतःवरच खूश झाले.

तो लावायला फाइल उघडली, तर दरम्यान वित्त सदस्यांचं मत येऊन गेलेलं होतं. गोल, सुबक मराठी अक्षरात एकच वाक्य: "आधी मिक्सर घ्यावा. शालिनी." त्याखाली साहेबांची हिरवी शाई: "मिक्सर का प्रकरण पृथक नस्ती में प्रस्तुत करें." नस्ती म्हणजे फाइल. काकूंनी मिक्सरसाठी वेगळी फाइल उघडावी, असा नवऱ्याचा लेखी आदेश होता.

शनिवारी दुपारी फाइल आणि लॅपटॉप घेऊन मी तात्यापाऱ्यात त्यांच्या घरी गेले. डेमो पीस संध्याकाळी परत द्यायचा होता. साहेब पुढच्या खोलीत टेबल लावून बसले होते, घरीही फुल शर्ट इन केलेला. मी रिपोर्ट पुढे सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला.

"वाचा."

मी सहाही पानं मोठ्याने वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच काकू आतून म्हणाल्या, "एवढं तर माह्या पोरीच्या सासरबद्दल कोणी नव्हतं पाहिलं." साहेब हसले नाहीत.

"मंग थांबू?" त्यांनी विचारलं.

"थांबा. दिवाळीच्या पुढे-मागे याचाच सुधारलेला भाऊ येईल."

"ठीक हाय. तांत्रिक अभिमत हाय, मानलंच पाहिजे." त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते वाद घालतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी फाइल बंद केली. मला ते फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जास्तच पटवून द्यायला लागते.

"साहेब, तुमचाच नकाशा उघडून दाखवते. किती तापतो ते हात लावून पाहा." मी पर्समधून बारीक पोर्टात बसणारा अडॅप्टर काढला, त्यांचा पेन ड्राइव्ह लावला आणि तळ्यांचा नकाशा उघडला. "पाच मिनिटं थांबा. मग इथे खालून हात लावा."

साहेबांनी हात लावला नाही. खुर्ची पुढे ओढली आणि नाक स्क्रीनला टेकेल इतके वाकले.

"हे रेघ कुठून आली?"

"कुठली?"

"हे निळी. डबरीच्या बाजूची, बंधाऱ्याची." डबरी म्हणजे लहान तळं.

"तुमचीच फाइल आहे साहेब. तुम्हीच काढली असणार."

"मले वाटलं माह्याच हातून मिटली. चार महिन्यापासून शोधून राहिलो."

"ऑफिसच्या स्क्रीनवर पण ही रेघ आहे. मी पाहिली आहे."

"तुमाले दिसत असन," साहेब म्हणाले. "मले नाही दिसत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षभरापासून त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला त्रास होता. मोठी, काळी अक्षरं दिसायची. फिक्यावर फिकं काही दिसायचं नाही. तळ्यांच्या नकाशात पांढऱ्यावर फिकट निळ्या बारीक रेघाच सगळ्या. ऑफिसचे नकाशे ते सहीआधी दोघांकडून तपासून घेत होते आणि कागद दुसऱ्याकडून वाचून घेत होते. आम्हाला वाटायचं, साहेबांचा रुबाब वाढला.

"कोणाले सांगितलं नाही," ते म्हणाले. "नकाशेवाल्याले नकाशा दिसत नाही, हे काय सांगाची गोष्ट हाय?"

काकू बेसनाच्या तळलेल्या ठेठरीची प्लेट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणून तांदूळ निवडाले बसत नाही काय तुमी? मी म्हणलं, रिटायर व्हाच्या आधी साहेबी चढली." त्यांनी प्लेट जरा जोरातच टेबलावर ठेवली. "मले तरी सांगाचं होतं." मग त्या नवऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्याही स्क्रीनकडे पाहू लागल्या.

मला लाज वाटली. दोन दिवस मी त्या मशीनला तापवलं, थंड केलं, त्याचं पोट मोजलं, आणि ज्याला ते वापरायचं त्याला एकही प्रश्न विचारला नाही. नऊ वर्षांत विचारला नव्हता. त्या लॅपटॉपचं खरं वैशिष्ट्य कॉन्ट्रास्ट होतं. म्हणजे काळं खरोखर काळं आणि पांढरं लख्ख पांढरं दिसतं, त्यामुळे फिकी रेघही उठून दिसते. सेटिंगमध्ये जाऊन मी नकाशाची पार्श्वभूमी काळी केली, तशी सगळी तळी एकदम वर आली. साहेब बोट ठेवून मोजू लागले. मधेच थांबायचे, एखाद्या तळ्याचं नाव घ्यायचे आणि पुन्हा मोजायचे.

पण धंद्याची सवय जात नाही. मी मनात म्हटलं, चांगला मोठा मॉनिटर घेतला तर याहून स्वस्तात काम होईल. तसं बोललेही.

"मॉनिटर घेऊन मी तलावावर कसा जाईन?" साहेब म्हणाले. "म्हातारे लोक काठावर बसून सांगतात, इथं पायरी होती, तिथं पिंपळ होता. तिथंच काढा लागते."

म्हणजे वजन कमी हवं. ऊन असताना स्क्रीन दिसायला हवी. आणि रेघा काढायला मशीनने पहिलवान असण्याची काही गरज नाही, त्यामुळे तापण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या मशीनला मी सहा पानं नावं ठेवली होती, तेच त्यांच्या उपयोगाचं निघालं.

"रिपोर्ट फाडून टाकू?" मी विचारलं.

इतका वेळ स्क्रीनवर वाकलेला माणूस ताठ बसला. "ढोबळे बाई, नोटशीटचं पान फाडता?"

मग मी तिथेच, ठेठरी खात, सातवं पान लिहिलं. "पूर्व अभिमत त्रुटिपूर्ण होने से निरस्त. परीक्षण में उपयोगकर्ता का परीक्षण छूट गया था. क्रय की अनुशंसा की जाती है." म्हणजे आधीचं मत चुकीचं म्हणून रद्द, वापरणाऱ्याला तपासायचं राहून गेलं, लॅपटॉप घ्यावा. मोठ्या, काळ्या अक्षरात लिहिलं. साहेबांनी ते स्वतः वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही केली. वित्त सदस्यांनी "मान्य" लिहिलं आणि सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं, ही अट घातली. अशी अट मी आजवर कुठल्याही खरेदीच्या फाइलीत पाहिलेली नाही.

लॅपटॉप आला. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही म्हणाले. साहेब रिटायर झाले आणि रोज सकाळी कुठल्यातरी तळ्यावर जाऊ लागले. मशीन अजून एकदाही तापलेलं नाही.

मी आता सल्ला देण्याआधी विचारते, तुम्ही त्यावर काय करता ते दाखवा. निम्मे लोक त्यावरच माघारी जातात.

गेल्या महिन्यात साहेबांचा फोन आला. रिंग रोडच्या अलीकडचा भाग पुरा झाला होता. मी पाहायला गेले तर त्यांनी काळ्या स्क्रीनवर एक मोठी निळी आकृती दाखवली. तीन म्हाताऱ्यांनी वेगवेगळं सांगितलं आणि तिघांचं जुळलं, असं ते अभिमानाने म्हणाले. मग त्यावर त्यांनी आजच्या इमारती चढवल्या. तळ्याच्या बरोबर मधोमध, जिथे पाणी सगळ्यात खोल असायचं म्हणे, तिथे आमच्या कॉलनीचा सी ब्लॉक होता, माझा फ्लॅट आहे तोच. पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी का साचतं, यावर आमची सोसायटी आठ वर्षं मीटिंगा घेते आहे.

"फ्लॅट घेतेवेळी काही परीक्षण केलं होतं काय?" साहेबांनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

केलं होतं. एका दुपारी गेले आणि लिफ्ट चालू आहे का, ते पाहिलं होतं.