बाईंच्या सहीवरची रिकामी जागा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, भावासमोर नाही. पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जातो तेव्हाही नाही — तिथं मी घाईघाईनं हात जोडतो आणि प्रसाद घेऊन बाहेर पडतो. मग तुम्हालाच का सांगायलोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. सांगायला बसल्यापासून दोनदा उठून पाणी पिऊन झालंय.

गावाचं नाव तेवढं विचारू नका. परभणी जिल्ह्यातली एक नगरपालिका, इतकं पुरे. मी तिथं लिपिक होतो. टपाल, दाखले आणि नगराध्यक्षांची पत्रं टाइप करणं, ही माझी कामं. माणूस तसा मी कामाचा, असं लोक म्हणायचे. लोकांना काय माहीत!

तेव्हाच्या नगराध्यक्षा म्हणजे आमच्या बाई. सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेलेली, अर्ध्या गावाला त्यांनीच लिहायला शिकवलेलं. मला तिसरीला होत्या. त्यामुळं खुर्चीवर बसल्या तरी त्यांना कुणी मॅडम म्हटलं नाही आणि त्यांनीही मला कधी 'अहो' केलं नाही. स्वभावानं कडक. पण कुणाचं काम अडलेलं त्यांना खपायचं नाही.

त्यांच्या यजमानांचं डायलिसिस सुरू होतं. आठवड्यातले दोन दिवस बाईंचे परभणीला दवाखान्यात जायचे. त्या दिवशी कुणी दाखल्यासाठी आलं तर रिकाम्या हातानं परत जाऊ नये, म्हणून बाई दहा-बारा लेटरहेडवर खाली सही करून माझ्याकडं ठेवायच्या. वरचा कागद कोरा, खाली सही. नियमात बसत नाही, ठाऊक आहे मला. पण ही पद्धत बाईंच्या आधीपासूनची. बाईंनी फक्त एक अट घातली होती — रहिवासाचा दाखला आणि दवाखान्याची शिफारस, एवढंच. तिसरं काही लिहायचं झालं तर आधी फोन.

आता मुद्द्यावर येतो. येतोय.

दिल्लीतल्या मोठ्या नेत्यांनी नवा आर्थिक कार्यक्रम जाहीर केला होता, आणि शहराशहरांतल्या नगराध्यक्षांनी त्याला लेखी पाठिंबा द्यायचा असं ठरलं होतं. जिल्ह्याची पत्रं गोळा करायचं काम एका पुढाऱ्याकडं होतं. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. त्यानं मसुदाही तयार पाठवला — खाली फक्त सही ठोकायची. त्यात एक कलम होतं, आठवडी बाजाराच्या जागा मोठ्या कंपन्यांना विकसित करायला द्याव्यात असं. बाईंनी चष्मा लावून मसुदा दोनदा वाचला. म्हणाल्या, "बाकी ठीक हाय रे. पण बाजारात बसणाऱ्यांना विचारल्याशिवाय मी कशी सही करू? सोमवारी बाजार हाय. विचारते, मंगळवारी देते."

म्हणजे त्या विरोधात नव्हत्या, हे लक्षात घ्या. मंगळवारपर्यंत थांब, एवढंच म्हणत होत्या.

शुक्रवारी बाई परभणीला गेल्या आणि दुपारी भाऊचा फोन आला. लय दबाव होता हो — असं मी मनाशी किती वर्षं म्हणतोय. खोटं आहे ते. कसला दबाव? तो गोड बोलला. "सगळ्या जिल्ह्याची आली, तुमचंच राहिलं. तुमच्यासारखा हुशार माणूस तिथं असताना?" बस. एवढ्यावर मी फुगलो. शिवाय लेकीच्या शिक्षणासाठी मला परभणीला बदली पाहिजे होती, हे त्याला माहीत होतं. तो त्यावर चकार शब्द बोलला नाही. मीच म्हटलं, "होऊन जाईल भाऊ, संध्याकाळपर्यंत."

बाईंना फोन का नाही केला? मोबाईल तर टेबलावरच होता. नाही केला, कारण त्या काय म्हणतील ते मला ठाऊक होतं.

फाईलीतून एक लेटरहेड काढलं आणि टाइप करायला बसलो. मसुदा छोटा, बाईंची सही पार खाली. मजकूर संपला तरी मधे चार बोटं जागा उरली. ते विचित्र दिसायलं होतं, कुणालाही कळलं असतं की सही आधीची आहे. मग ती जागा भरायला मी मनानं एक वाक्य घातलं — 'आमच्या शहरातील आठवडी बाजारात बसणाऱ्या सर्व विक्रेत्यांशी चर्चा करून, त्यांच्या संमतीनेच मी हा पाठिंबा देत आहे.' किती सफाईदार! टाइप झाल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं. आज हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

रविवारी पेपरात सगळ्या नगराध्यक्षांची नावं आली. बाकीच्यांची पत्रं एकासारखी एक, म्हणून त्यांची नुसती नावं. आमच्या बाईंचं वाक्य मात्र चौकटीत छापलं होतं. माझं वाक्य.

बाईंना ते तीन दिवस दवाखान्यातच राहावं लागलं होतं, पेपर त्यांनी बघितलेला नव्हता. सोमवारी सकाळी परभणीहून थेट बाजारात आल्या. हातात वही आणि पेन. विचारायला आल्या होत्या हो, खरंच विचारायला! नेहमीसारखा मी मागं. काय करणार होतो? लसूण-मिरची विकणारी गयाबाई पहिल्याच ओळीत बसते. तिनं पोत्याखालचा पेपर काढून बाईंपुढं धरला. "आमच्यासंगं चर्चा कवा केली बाई? आमी तर तुमाला आज बघायलाव." आजूबाजूचे लोक उठून उभे राहिले.

बाईंनी उन्हात उभं राहून ते वाक्य वाचलं. मग माझ्याकडं वळल्या. रागानं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खरंच न कळून विचारल्यासारखं विचारलं, "हे मी कधी सांगितलं रे तुला?"

आता सांगतो. पत्र टाइप केलं, ते पाप लहान आहे. खरं पाप हे पुढचं.

मी म्हणालो, "शुक्रवारी, बाई. दवाखान्यातून फोन केला होता ना तुमी. गडबडीत होतात."

किती सहज म्हणालो! आवाजसुद्धा कापला नाही. त्यांचा मोबाईल पर्समध्ये होता. उघडून बघितलं असतं तर मी तिथंच उघडा पडलो असतो. मी त्या पर्सकडं बघत उभा. पण बाईंनी ती उघडली नाही. त्यांना वाटलंच नाही की तिसरीतला आपला विद्यार्थी चारचौघांत तोंडावर खोटं बोलेल. किती तरी वेळ त्या विचार करत राहिल्या, आठवत राहिल्या. मग सगळ्या बाजारापुढं हात जोडून म्हणाल्या, "बोलले असन. माझ्या ध्यानात न्हाई राहिलं. चूक माझी हाय."

पाठिंबा मागं घेतल्याचं पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं लिहून पाठवलं. ते कुणी छापलं नाही. बाजारातले लोक त्यांच्याशी तुटक वागायला लागले. पण मला सतावतं ते हे नाही.

त्या सोमवारपासून बाईंचा स्वतःवरचा भरवसाच गेला. प्रत्येक फोन वहीत लिहून ठेवायला लागल्या. सभेत बोलता बोलता थांबून माझ्याकडं बघायच्या — "हे मी आधी बोलले का रे?" नगरसेवक एकमेकांना कोपरानं ढोसायचे. तुम्हाला वाटेल, निदान कोऱ्या सह्या तरी बंद केल्या असतील. कुठलं काय! आधीपेक्षा जास्त द्यायला लागल्या. "माझं डोकं आता धड न्हाई, तुझ्याच ध्यानात राहतं," म्हणायच्या. परभणीत डोक्याच्या डॉक्टरला दाखवून आल्या. तो म्हणाला, काही झालेलं नाही. बाईंना ते पटलं नाही. मला डॉक्टरच्या आधीपासून माहीत होतं.

पुढच्या निवडणुकीला लोक आग्रह करायला घरी गेले. बाई म्हणाल्या, जिला आपण काय बोललो ते आठवत नाही, तिनं गावाचा कारभार करू नये. मी त्या लोकांमध्येच बसलो होतो. चहा पीत होतो.

माझी बदली झाली. लेक परभणीत शिकते.

मागच्या महिन्यात एका सोमवारी गावी गेलो तर बाजारात बाई भेटल्या. एकट्याच. यजमान गेले त्यांचे. हातात तसलीच एक वही. गयाबाईनं विचारलं, "बाई, मिरची घेतली का मघाशी?" बाई गोंधळल्या, वहीची पानं चाळायला लागल्या. मग मी दिसलो तशा एकदम हसल्या, इतक्या मोकळ्या, की मला पळून जावंसं वाटलं. गयाबाईला म्हणाल्या, "माझं काय खरं न्हाई बाई. ह्याला विचार. हा माझा विद्यार्थी, ह्याच्या सगळं ध्यानात असतंय."

मी मान डोलावली. पिशवी उचलून त्यांना घरापर्यंत सोडलं. वाटेत त्या बोलत होत्या, मी नुसता हूं हूं करत होतो.

त्या शुक्रवारी मला दवाखान्यातून फोन आला नव्हता. बाईंना तो आठवत नाही, कारण त्यांनी तो केलाच नव्हता.